काचेच्या खोलीतली खुर्ची

माणसाच्या कानातून काय काय निघतं हे ज्यांना माहीत नाही ते लोक फार सुखी आहेत, असं भोंग्याचं ठाम मत होतं.

भोंगा म्हणजे मुलगी हं. वय सोळा, शाळा सकाळची, आणि आवाज असा की तिने तिसऱ्या बाकावर कुजबुज केली तर ती फाटकावरच्या शिपायाला ऐकू जावी. नाव मामाने ठेवलेलं. शाळेत या आवाजापायी तिला वर्गाबाहेर उभं करायचे. पण मामाचं दुकान होतं कानाच्या मशीनचं, आणि तिथे बाकड्यावर बसलेल्या आजी-आजोबांना तिचं केवढं कौतुक! "ही पोरगी बघा किती स्पष्ट बोलते. नाहीतर आमची सून." जन्मभर ज्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली तीच एका दुकानात गुणाची निघाली, की माणसाची मान आपोआप ताठ होते. भोंग्याची झाली होती. हल्ली ती केस बांधताना आरशात स्वतःला डोळा मारायची.

शाळा सुटली की ती दुकानात जायची. तिथे तिला कामं दोन. एक घाण, एक स्वर्ग.

घाण आधी सांगून टाकू. कानाच्या मशीनचा जो भाग कानात बसतो तो ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचा बनवतात. त्याला साचा म्हणायचं. हे साचे दर काही महिन्यांनी साफसफाईला परत यायचे, छोट्या डब्यांतून. भोंगा हातमोजे चढवायची, नाकाने श्वास घेणं बंद करायची आणि डबा उघडायची. कानातला मळ एकाच प्रकारचा असतो असं वाटतं ना? वाटू दे. एक असतो मधासारखा, तार सुटणारा. एक कोरडा, कोंड्यासारखा. फुंकणीने उडवला की पापण्यांवर येऊन बसतो. एक काळपट, आत केस गुंतलेला. आणि एक हिरवट, ज्याला दप्तरात विसरलेल्या उकडलेल्या अंड्याचा वास येतो. पहिल्या आठवड्यात ती दोनदा बेसिनवर वाकली होती. घरी ताटात काही पिवळं आणि ओलं दिसलं की ताट लांब सरकवायची. आई म्हणायची, "नखरे!"

तरी ती रोज जात होती, ते दुसऱ्या कामासाठी.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक काचेची खोली होती. जाड दरवाजा, भिंतींना फोम, आत एक मऊ खुर्ची आणि दोन स्पीकर. बाहेरचं आत जात नाही, आतलं बाहेर येत नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, आणि भोंगा काचेच्या या बाजूला एका चौकोनी पेटीसमोर. पेटीवर दोन बटणं. मामाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: "एक नंबर म्हणजे मशीनशिवाय त्यांना आज जसं ऐकू येतं तसं. मग मी कानात मशीन बसवतो, बोट वर करतो. तू दोन नंबर दाबायचं. ते मशीनला जोडलेलं. बस."

गाणं कुठलं लावायचं, ते मात्र भोंग्याने स्वतः शोधून काढलं होतं. मामा पूर्वी सगळ्यांना एकच बासरी ऐकवायचा. भोंग्याने गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली, "तुम्ही माझ्याएवढे होतात ना, तेव्हाचं काय आठवतं? एकदाच ऐकलेलं, पण अजून डोक्यात बसलेलं?" लोक आधी लाजायचे. मग सांगत सुटायचे. बंदरावर क्रेन चालवणारे एक आजोबा होते. त्यांनी क्रेनच्या टोकावरच्या खोक्यात बसून, वारा सुटलेला असताना, खालून जाणाऱ्या जहाजावरचा बँड ऐकला होता. "वर फक्त मी आणि ते ट्रंपेट," ते म्हणाले. एक शिंपीणकाकू होत्या. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर अडकलेली एक अनोळखी बाई भीती घालवायला गायली होती, आणि लिफ्ट सुरू झाली तेव्हा काकूंना वाईट वाटलं होतं. भोंगा तसं काहीतरी शोधून काढायची, कधी दोन-दोन दिवस घालवून. मग एक नंबर: खुर्चीतलं माणूस कपाळाला आठ्या घालून पुढे वाकलेलं. आणि मग दोन नंबर.

काय सांगावं! चेहरा आतून कोणीतरी खिडकी उघडल्यासारखा व्हायचा. क्रेनवाल्या आजोबांनी खुर्चीचे हात असे घट्ट धरले की जणू खाली समुद्र आहे. शिंपीणकाकू रडल्या, हसल्या, परत रडल्या. भोंग्याला एक सूरही ऐकू यायचा नाही. काच होती ना मध्ये. पण ते चेहरे बघून तिच्या अंगावर काटा यायचा, आणि तिला वाटायचं, मी दाबलं बटण. मी!

म्हणूनच तिने गाण्याच्या बाईंना दुकानात आणलं.

बाई तिला पाचवीपर्यंत शिकवायला होत्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, आणि वर्गात येताच सगळ्यांची नखं तपासायच्या. घाणेरड्या हाताचं मूल पियानोजवळसुद्धा फिरकायचं नाही. मग त्यांना ऐकू येईना, आणि त्यांनी नोकरी सोडली. भोंग्याला त्या पावाच्या दुकानात भेटल्या. भोंग्याने "बाईऽ!" अशी हाक मारली तेव्हा दुकानातली सगळी माणसं वळली, आणि बाईसुद्धा.

"तुझा आवाज मला अजून येतो," बाई म्हणाल्या. "देवाने सगळे चांगले आवाज काढून घेतले आणि हा ठेवला."

मशीन घ्यायचं तर पैसे हवेत, म्हणून बाईंनी पियानो विकायला काढला होता. दातांच्या एका डॉक्टरने तो घ्यायचा ठरवला होता. रविवारी माणसं घेऊन येणार होता.

"त्यांना वाजवता येतो?" भोंग्याने विचारलं.

"छे गं. दवाखान्यात, लोक वाट बघत बसतात तिथे ठेवणार. वर कुंडी."

"पण बाई, पियानो विकून कान घ्यायचे, मग ऐकायचं काय?"

"दुसऱ्यांचं," बाई म्हणाल्या. "स्वतःचं खूप वाजवून झालं. आणि न ऐकता वाजवणं म्हणजे अंधारात जेवण्यासारखं आहे. मला नाही जमत आता."

सोमवारी त्या दुकानात आल्या. भोंग्याने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. बाईंनी जरा विचार केला.

"मी सतरा वर्षांची होते. आमच्या इमारतीत पाणी वर चढायचं नाही. मी खालून बादली घेऊन येत होते. एक जण जिन्यात व्हायोलिन वाजवत बसायचा, जिन्यात आवाज घुमतो म्हणून. रोज घासायचा तेच तेच, कंटाळवाणं. त्या दिवशी मात्र त्याने एक संथ काहीतरी वाजवलं. मी एका पायरीवर उभी राहिले. संपेपर्यंत बादली खाली ठेवायचं सुचलं नाही. हातात कडी रुतून रक्त आलं होतं. आई म्हणाली, वेडी का काय तू." मग त्यांनी ते गुणगुणून दाखवलं. पुरतं बेसूर. त्यांना कळत नव्हतं. भोंग्याने नजर दुसरीकडे वळवली.

तरी तिने ते शोधलं. दोन तास लागले, पण शोधलं. मामाने बाईंच्या कानात बॅटरी मारून आत पाहिलं. "वा! छान! स्वच्छ!" म्हणाला. बाईंना ते आवडलं. एक नंबर दाबला तेव्हा बाई नुसत्या बसून होत्या, रिकाम्या रस्त्याकडे पाहावं तशा. मामाने मशीन बसवलं, बोट वर केलं. दोन नंबर.

बाईंचा उजवा हात हळूहळू वर उचलला गेला आणि हवेतच राहिला, बादली धरल्यासारखा.

काचेच्या या बाजूला भोंगा चक्क हुंदके देत होती. मामाने तिला कोपराने ढोसलं. "नाक पूस. ठसे घ्यायचेत."

ठसा घेणं म्हणजे असं: कानात आधी दोऱ्याला बांधलेला कापसाचा छोटा बोळा सरकवायचा, मग मऊ गुलाबी लगदा भरायचा. पाच मिनिटांत तो घट्ट होतो. ओढून काढला की कानाचा आतला आकार हातात. त्यावरून साचा बनतो. मामाने ठसे काढले, डबीत टाकले, भोंग्याकडे दिले आणि बाईंना दारापर्यंत पोचवायला गेला. जाताना बाई भोंग्याच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "पन्नास वर्षांनी त्या जिन्यात गेले गं मी."

भोंगा हवेत होती. हवेतच तिने डबी उघडली आणि धाडकन खाली आली.

ठसा आखूड होता.

तिने एव्हाना शेकडो ठसे हाताळले होते. कानाची वाट सरळ नसते. तिला दोन वळणं असतात, आणि प्रत्येक ठशाला ती दिसतातच, वाकड्या करंगळीसारखी. हा ठसा पहिल्या वळणाच्याही आधी संपला होता. टोक चपटं. दुसरा? तोही तसाच. कापसाचा बोळा टोकाला चिकटून चेपला होता, आणि त्यावर काळपट तपकिरी, चकचकीत, दाट लेप. भोंग्याने नाकाने श्वास घेतला, जे ती कधीच करत नसे. हा ताज्या मळाचा वास नव्हता. हा वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या माळ्याचा वास होता.

शी!

बाईंचे कान बहिरे नव्हते. कान तुंबले होते. मोरी तुंबते तसे.

मग तिच्या डोक्यात दुसरा प्रश्न आला, आणि तो जास्त वाईट होता. कान असे गच्च भरलेले असताना मशीनने एवढं स्वच्छ ऐकू आलं कसं? मामा अजून फुटपाथवर बाईंशी बोलत होता. भोंग्याने पेटीची वायर लांब ओढून पेटी काचेच्या खोलीत घेतली, जाड दरवाजा लावला आणि ती खुर्चीत बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. कानात मशीन नाही, काही नाही. स्वतःचे धडधाकट सोळा वर्षांचे कान. तिने एक नंबर दाबला.

व्हायोलिन उशीखाली गाडल्यासारखं वाजलं. आठ्या घालून ती पुढे वाकली. आणि आपण अगदी त्यांच्यासारख्याच वाकलोय हे तिला कळलं.

दोन नंबर दाबला.

आवाज खोलीभर पसरला, मोठा, चकचकीत, लखलखीत. पेटीचा कुठल्याच मशीनशी संबंध नव्हता. एक बटण आवाज कोंडायचं, दुसरं तो मोकळा सोडायचं. बस. खुर्चीत बसवलं तर फर्निचरलाही फरक पडला असता. आणि व्हायोलिन इतकं सुंदर होतं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तीच तर सगळ्यात किळसवाणी गोष्ट होती. तिला आपल्या बोटाची घाण वाटली. हातमोज्यांतून कधी आली नव्हती तेवढी. क्रेनवाले आजोबा. शिंपीणकाकू. ते उघडलेले चेहरे. मी दाबलं बटण. मी.

मामा आत आला तेव्हा ती खोलीच्या दारातच उभी होती, ठसा दोन बोटांत धरून.

"मामा, तू बाईंच्या कानात पाहिलंस ना? काय दिसलं?"

"कान दिसला."

"बूच दिसलं असेल! हे बघ. आखूड. मळाने भरलेत त्यांचे कान."

मामाने ठशाकडे बघितलंही नाही. "हे दुकान आहे, दवाखाना नाही. वय झालंय त्यांचं. आज ना उद्या मशीन लागणारच. आज मळ आहे, उद्या नस जाईल."

"आणि दोन नंबर?"

आता त्याने पाहिलं. "हळू बोल."

"दोन नंबर मशीनला जोडलेलं नाही. ते फक्त आवाज वाढवतं!"

"भोंग्या, हळू." बाकड्यावर तीन गिऱ्हाइकं होती. मामा तिच्याजवळ आला आणि फक्त गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या गोड आवाजात समजावू लागला. "अगं, ते रडतात ना आनंदाने? तो आनंद खोटा असतो का? घरात कोणी बोलत नाही त्यांच्याशी. इथे येतात, पाच मिनिटं स्वर्गात जाऊन येतात. मी काय वाईट केलं? आणि ती गाणी कोणाची युक्ती? माझी? मी बापडा एक बासरी लावायचो. तू आल्यापासून एक गिऱ्हाईक परत गेलं नाही. एक!"

हे तो कौतुकाने म्हणाला, हे सांगायला हवं. भोंगा बाकड्याकडे वळली.

"दोन नंबरचं बटण फक्त आवाज वाढवतं!" ती म्हणाली. आता ती मामाशी बोलत नव्हती, आणि या वेळी तिने आवाज अजिबात आवरला नाही. काचा थरथरल्या. "मशीन नसलं तरी तसंच ऐकू येतं! घेण्याआधी डॉक्टरांकडून कान बघून घ्या!"

बाकड्यावरच्या एक बाई पर्स उचलून ताडकन निघाल्या. एक काका आपल्या हातातल्या पावतीकडे टक लावून पाहत राहिले. तिसरे आजोबा शेजारी वळून म्हणाले, "काय म्हणाली?"

"उद्यापासून येऊ नकोस," मामा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. ते मात्र उत्तम चालत होते.

घरी आईने तिला सोडलं नाही. "माझ्या भावाला भर दुकानात? अगं, तुझी सायकल कोणी आणली?" भोंगा म्हणाली, "सायकल परत देते." आई म्हणाली, "फार शहाणी झालीस." भांडी जरा जास्तच जोरात आपटली. पण झोपताना तिने हळूच विचारलं, "खरंच आखूड होता?" भोंगा हो म्हणाली. आई भिंतीकडे वळून पडली.

दुसऱ्या दिवशी भोंगा बाईंच्या घरी गेली. तीन जिने, अरुंद खोली, आणि निम्मी खोली व्यापून बसलेला पियानो. बाईंनी त्याची झाकणं पुसून ठेवली होती, पाहुण्याकडे पाठवायच्या पोराचं तोंड धुवावं तशी.

भोंग्याने सगळं सांगितलं. बटणाचंही. आपल्या बोटाचंही. बाई ऐकत होत्या, म्हणजे तिच्या ओठांकडे बघत होत्या.

"म्हणजे मी ऐकलं ते..."

"मोठ्याने लावलेलं होतं. एवढंच."

"आणि माझ्या कानात?"

भोंग्याने रुमाल सोडला. त्यात दोन ठसे होते. एक तिचा स्वतःचा. मामाने सरावासाठी घेतलेला, लांब, दोन वळणांचा. दुसरा बाईंचा. बाईंनी चष्मा लावला. वाकल्या. आणि ज्या चेहऱ्याने त्या कधीकाळी मुलांची नखं बघायच्या, तोच चेहरा झाला.

"हे माझं आहे?"

"हो."

"झाक ते!" त्या मागे सरकल्या. "घाणेरडी कुठली! हे घेऊन आलीस माझ्या घरात? माझ्या पियानोशेजारी? आयुष्यात मी... रोज आंघोळ करते मी! रोज कान पुसते, कापसाच्या काडीने, आतपर्यंत!"

"त्या काडीनेच होतं बाई. मळ बाहेर येत नाही, आत ठासला जातो. दुकानात सगळे स्वच्छ लोकच असे येतात."

बाईंचा हात कानाकडे गेला आणि झटकन खाली आला. मग एकदम म्हणाल्या, "पाच वर्षांत एक चांगली गोष्ट झाली होती माझ्या बाबतीत. काल. तीही काढून घेतलीस. काय मिळालं तुला?"

भोंग्याने खिशातून तेलाच्या थेंबांची बाटली काढून पियानोच्या झाकणावर ठेवली. औषधाच्या दुकानातून आणलेली. "चार दिवस घालायचे, म्हणजे मळ मऊ होतो. शनिवारी सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरीण असतात. नाही काही निघालं तर रविवारी खुशाल विका. मी स्वतः पियानो जिन्यावरून उतरवायला येईन."

बाईंनी बाटली उचलली ती फेकायला, असं वाटलं. पण त्या लेबल वाचू लागल्या.

ते चार दिवस भयंकर गेले. कारण थेंब घातले की मळ आधी फुगतो, आणि उरलंसुरलं ऐकू येणंही बंद होतं. हे भोंग्याला माहीत होतं, पण तिने सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर बाईंनी थेंब घातलेच नसते. गुरुवारी बाईंना तिचाही आवाज येईना. भोंगा ओरडली, खालच्या मजल्यावरचा माणूस वर येऊन गेला, तरी नाही. बाईंनी कागदावर लिहिलं: "होतं नव्हतं तेही गेलं. चालती हो." कानातून तेल ओघळून मानेवर, पदरावर पिवळे डाग पडले होते, आणि बाई दर दोन मिनिटांनी ते पुसत होत्या, तोंड फिरवून, रडवेल्या होऊन. भोंगाही पायऱ्यांवर बसून रडली. मामा खरं बोलत असेल तर? नस गेली असेल तर? मग पियानो जाणार, आणि तो स्वर्गही गेलेलाच.

शनिवारी बाई दाराबाहेर तयार उभ्या होत्या. भोंगा दिसताच चालू लागल्या.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होत्या आणि घाईत होत्या. "आजी, इकडे बसा. तू, पोरी, ही थाळी धर गळ्याशी. घट्ट धर. वास आला तर तोंडाने श्वास घे."

"मला शिकवू नका," भोंगा म्हणाली.

पिचकारी, कोमट पाणी. पहिल्यांदा नुसतं पिवळं पाणी आलं. दुसऱ्यांदा थोडे तुकडे. डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं, "बापरे" म्हणाल्या आणि परत पाणी मारलं. मग एक बारीक फुसकन आवाज झाला आणि थाळीत काहीतरी पडलं. टप्प.

भोंग्याने वाकून पाहिलं. ते कानाच्या नळीच्या आकाराचं होतं. वळणांसकट. बाहेरून काळं, चकचकीत, भिजलेलं; मागच्या टोकाला कापसाच्या काडीचा धागा अडकलेला; आणि त्यातून सुटलेली तपकिरी तार पाण्यात हळूहळू पसरत होती. वास असा, की सगळ्या दुकानातले सगळे डबे एकदम उघडावेत. भोंग्याने तोंड फिरवलं आणि थाळी कलली.

"सांडलीस तर तूच पुसशील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या कानाकडे वळल्या. तिथून निघालं ते आणखी मोठं होतं. त्याचं वर्णन करत नाही. लोकांना जेवायचं असतं.

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. नळ ठिबकत होता. त्यांनी नळाकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी चपला फरफटत गेलं. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"बाई! ऐकू येतंय?" भोंगा ओरडली.

बाई दचकून दोन्ही हात कानांवर ठेवून म्हणाल्या, "अगं किती ओरडतेस! शाळेतही अशीच होतीस!"

डॉक्टरीणबाईंनी एक छोटी तपासणी केली. उजवा कान ठणठणीत. डावा थोडा अधू. "याला पुढे कधीतरी मशीन लागेल, आजी. आत्ता नाही." म्हणजे मामा अर्धा बरोबर होता. भोंग्याला त्याचाही संताप आला.

"आणि आजी कोणाला म्हणता हो?" बाई निघताना म्हणाल्या.

घरी पोचल्यावर त्यांनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. उभ्या उभ्याच झाकण उघडलं आणि दोन्ही हातांनी एक भरगच्च स्वर वाजवला.

पियानो केकाटला. दुसरा शब्द नाही. पाच वर्षं कोणी जुळवला नव्हता. मधल्या तारा उतरल्या होत्या, वरच्या चढल्या होत्या, आणि एक पट्टी दाबली की आत डबा गडगडल्यासारखं व्हायचं.

"शी!" बाई किंचाळल्या. "शी, शी, शी! हे मी आत्ताआत्तापर्यंत रोज वाजवत होते? हे? संध्याकाळी? खिडक्या उघड्या ठेवून?" त्यांनी परत वाजवलं. तोंड असं वाकडं केलं जसं कोणी त्यांच्या जिभेवर कडू औषध ठेवलंय. परत वाजवलं. "हा बघ, हा तर पुरा सडलाय. आणि हा! ऐक, ऐक हा, दोन तारा एकमेकींशी भांडतायत. ऐकू येतंय तुला? मला येतंय!" त्या एकेक पट्टी घेत वर गेल्या, खाली आल्या, प्रत्येकीवर "ईऽ" करत, आणि त्यांचे डोळे असे चमकत होते की भोंग्याला क्षणभर वाटलं, मध्ये काच आहे. तिने हात पुढे करून पाहिला. काही नव्हतं. तो सगळा घाण आवाज तिच्याही कानांत शिरत होता.

मग बाईंना दातांचा डॉक्टर आठवला. त्यांनी फोन लावला.

"हॅलो? पियानोचं बोलतेय. उद्या येऊ नका. नाही विकायचा... हो, कबूल केलं होतं, चुकलं माझं... अहो, ओरडू नका, ऐकू येतं मला." तेवढ्यात त्या थांबल्या. भुवया वर गेल्या. "तुमच्यामागे काय चाललंय ते? दाढ कोरण्याचं मशीन? थांबा. फोन ठेवू नका. ते परत चालवा जरा."

त्यांनी फोन उजव्या कानाशी धरला आणि डाव्या हाताने पियानोवर तो सूर शोधू लागल्या. एक पट्टी. नाही. तिच्या शेजारची. नाही. फोनमधून ती बारीक, दाढेत घुसणारी किरकिर अख्ख्या खोलीत ऐकू येत होती. भोंग्याने दोन्ही गाल हातांनी दाबून धरले. तिच्या सगळ्या दाढा शिवशिवत होत्या.

"बाई, पुरे ना!"

"गप्प," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते. "दोन्ही पट्ट्यांच्या मधे आहे. अगदी मधे."